छातीतली गाठ : नेहमीची कुठली, दाखवायची कुठली?

रानजाई
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधाशोध केली, पण या विषयावर सलग काही सापडलं नाही म्हणून धागा काढतेय.

वय ३८, दोन मुलं. पाळीच्या आधी आठवडाभर छाती जड होते, काखेकडच्या बाजूला हाताला दाणेदार, रवाळ लागतं. हे कॉलेजात असल्यापासूनचं. आईचं म्हणणं, "आपल्याकडे सगळ्यांचं तसंच, त्यात काय बघायचं?" यंदा कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर लिहिलंय 'फायब्रोसिस्टिक बदल, बायरॅड्स २' (बायरॅड्स म्हणजे फोटोवरून कॅन्सरची शंका किती, याची श्रेणी). तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "नॉर्मल आहे, काळजी करू नका," आणि पुढचं नाव पुकारलं.

काळजी करत नाहीये. पण एक शंका काही केल्या डोक्यातून जात नाही. जिला बारा महिने गाठीगाठीच लागतात, तिला उद्या खरीखुरी गाठ आली तर ती कळणार कशी? जिथे पाहावं तिथे 'गाठ आढळल्यास डॉक्टरांना दाखवा' एवढंच. अहो, मग मी दवाखान्यातच मुक्काम ठोकू का?

सोनटक्का
अगदी अगदी! माझंही हेच. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं मऊ होतं. त्यामुळे पाळीच्या आधी मी हातच लावत नाही, उगाच जीव घाबरा होतो.

चकलीचा_सोऱ्या
बायकोला वाचायला देतोय. पुरुष आयडींनी इथे प्रश्न विचारले तर चालतील ना?

रानजाई
@चकलीचा_सोऱ्या, न चालायला काय झालं? बिनधास्त विचारा.

शल्यकर्मी
तालुक्याच्या गावी सर्जन आहे, आठवड्यातून एक दिवस ब्रेस्ट क्लिनिक चालवतो. इथे कुणाचं निदान करणार नाही. पण रानजाई यांचा प्रश्न ओपीडीत सतत येतो आणि गर्दीत त्याचं धड उत्तर दिलं जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात आणि चरबी असते. ग्रंथी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. वरच्या-बाहेरच्या भागात त्या सर्वांत दाट, आणि त्यांचं एक टोक थेट काखेत शिरतं. तिथे दाणेदार लागणं ही पुष्कळ बायकांची मूळचीच ठेवण. स्तनाच्या खालच्या कडेला, ब्राची पट्टी बसते तिथे, एक आडवी जाडसर कड लागते. तीही नॉर्मल. तिला गाठ समजून रात्रभर न झोपता आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सडपातळ बाईच्या हाताला कधी कधी मागची बरगडीच लागते.

पाळीच्या आधी संप्रेरकांमुळे ग्रंथी फुगतात, ऊतकांत पाणी धरलं जातं, म्हणून जडपणा आणि ठणका. पाळी आली की ओसरतं. रिपोर्टमधले 'फायब्रोसिस्टिक बदल' ते हेच. पूर्वी याची गणना आजारात व्हायची, आता होत नाही.

आता मूळ प्रश्न. गाठाळपणाला धड सुरुवात-शेवट नसतो. बोटं फिरवत गेलं की तो विरत जातो, दुसऱ्या बाजूला त्याच जागी बहुधा तसाच सापडतो आणि पाळीप्रमाणे कमी-जास्त होतो. वेगळ्या गाठीला कड असते. आजूबाजूच्या दाण्यांतून ती उठून लागते, नेमकं बोट ठेवून दाखवता येते, दुसऱ्या बाजूला तिची जोडीदार नसते आणि पाळी येऊन गेली तरी ती तिथेच असते. म्हणून हात लावून बघायचं तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. पाळी गेलेल्यांना कुठलाही दिवस चालतो.

तरुण बाई असेल, शंका मोघम असेल, दुसरं काहीही लक्षण नसेल, तर एक पाळी जाऊ द्यायला हरकत नाही. पाळीनंतरही तिथेच असेल तर दाखवा. एक म्हणजे एकच, तीन नव्हेत.

ही सवलत सगळ्यांना नाही. पाळी गेल्यानंतर नव्याने लागलेली कुठलीही गाठ थेट दाखवायची. गाठ कडक आणि वेडीवाकडी असेल, वरच्या कातडीला किंवा खालच्या स्नायूला चिकटल्यासारखी असेल, काखेत गाठ असेल, हात वर केल्यावर कुठे खळी पडत असेल, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि छिद्राछिद्रांची दिसत असेल, तरीही थांबायचं नाही. स्तनाग्र आजवर बाहेर होतं आणि आता आत ओढलं जातंय, हे महत्त्वाचं. वयात आल्यापासूनच आत असेल तर तो मुद्दा वेगळा. न पिळता, एकाच बाजूने रक्तासारखा किंवा पाण्यासारखा स्राव कपड्याला लागत असेल तर तोही दाखवा. आणि स्तनाग्रावर इसबासारखी खपली, जी मलमं लावूनही जात नाही. तिच्यावर महिनोन् महिने खाजेची मलमं लावत बसतात आणि ती कधी कधी आतल्या कॅन्सरची खूण निघते. यातलं काहीही दिसलं तर पाळीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

निवांत
उत्तम प्रतिसाद. एक बाळबोध प्रश्न. दुखणारी गाठ वाईट की न दुखणारी?

शल्यकर्मी
दुखण्यावरून काही ठरवू नका. नुसतं दुखणं, गाठ नाही, हे कॅन्सरचं एकमेव लक्षण क्वचितच असतं. उलट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पण 'दुखते म्हणजे कॅन्सर नक्की नाही' असंही नाही.

हिरवाचाफा
"दुखत नाही" या दोन शब्दांनी आमच्या घरातलं माणूस नेलं.

माझी मोठी आत्या, साठीच्या पुढची. अंघोळीच्या वेळी गाठ लागायची हे तिला माहीत होतं, पण दुखत नव्हती आणि सुनेला कसं सांगायचं? तिने अंगावर काढलं. मग कुणीतरी सुचवलेला हळदीचा लेप झाला, मग एक झाडपाल्यावाला झाला. कातडी फुटून ब्लाउजला डाग पडायला लागले तेव्हा चुलतभावाच्या लक्षात आलं. शिकलेलं घर आहे हो आमचं. दोन भाऊ इंजिनियर. गुडघ्याचा एक्स-रे वर्षातून दोनदा काढायचो तिचा.

सोनटक्का
😔 हिरवाचाफा, वाईट वाटलं वाचून. माझ्या सासूबाईही काही सांगणाऱ्यातल्या नाहीत. आज विचारतेच.

मेतकूट
म्हणूनच दर महिन्याला आरशासमोर उभं राहून स्वतःची तपासणी केलीच पाहिजे. आमच्या महिला मंडळात पाच पायऱ्यांचं कार्ड वाटलं होतं. ते केलं असतं तर आत्यांचं वेळेत कळलं असतं.

आकडेमोड
@मेतकूट, भावना पटते, पण आत्यांना गाठ कळली नव्हती असं कुठंय? कळली होती. दाखवली नव्हती. कार्ड त्याला काय करणार?

आणि त्या मासिक तपासणीचा मोठा प्रयोग होऊन गेलाय. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार बायका. निम्म्यांना स्वतःची तपासणी पद्धतशीर शिकवली, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. २००२ साली अंतिम निष्कर्ष आले. दोन्ही गटांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास सारखेच. फरक पडला तो एवढाच की शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायॉप्सी (तुकडा काढून तपासणं) वाढल्या.

मेतकूट
म्हणजे बायकांनी आपल्या शरीराकडे बघूच नये? कमाल आहे. आधीच आपल्याकडे लाज, त्यात हे असं लिहिलं तर कोण हात लावेल?

आकडेमोड
असं कुठे म्हटलं मी? कर्मकांड नको, ओळख असू द्या. अंघोळ करताना, कपडे बदलताना आपली ठेवण ठाऊक असली की बस. रानजाईला तिची काखेकडची बाजू वीस वर्षं माहीत आहे, हे तिचं भांडवल आहे.

हाताच्या तपासणीचा उपयोग झालेला प्रयोग आपल्या मुंबईतला आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका घेतल्या. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी केली. मॅमोग्राफीचं (स्तनाच्या एक्स-रेचं) यंत्र नाही, काही नाही. वीस वर्षांचा पाठपुरावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

मेतकूट
हे माहीत नव्हतं. तरी कार्ड वाटणं मी बंद करणार नाही. फक्त 'गाठ लागली तर कुठे जायचं' हे मागच्या बाजूला छापून घेते.

आकडेमोड
चालतंय की! ते खरं कामाचं.

उपकेंद्राची_ताई
मी मराठवाड्यात एका उपकेंद्रात आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईची तोंड, गर्भाशयमुख आणि स्तन अशी तपासणी धरलेली आहे, स्तनाची दर पाच वर्षांनी. आधी आशाताई घरी जाऊन सीबॅक नावाचा प्रश्नांचा फॉर्म भरते. त्यात छातीत गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, आकार बदललाय का, असे सरळ प्रश्न असतात. दारात उभ्याने विचारलं तर सगळ्याच "नाही" म्हणतात. सासू आत गेली आणि बाई भांडी घासायला बसली की मग खरं बोलते, हा आशाताईंचा अनुभव.

तपासताना मी बोटांची टोकं वापरत नाही, मधल्या तीन बोटांचे सपाट गर वापरते. आधी हलकं, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत दाबून. बाईला आडवं करून, हात डोक्याखाली घ्यायला लावून. चिमटीत धरलं की कुठलाही स्तन गाठीसारखाच लागतो. घरी घाबरलेल्या बऱ्याच जणी चिमटीत धरूनच बघतात. आणि काख विसरायची नाही.

आमच्याकडे पडदा एकच आहे आणि त्याची एक कडी तुटलेली. बायका त्यावरूनच परत जातात. मी आता दाराला आतून टेबल लावते.

रानजाई
उपकेंद्राची_ताई, दंडवत! चिमटीचं वाचून हसू आलं, मी तेच करत होते. आणि शल्यकर्मी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आता एवढंच सांगा, ३८ वयाला सोनोग्राफी झाली ती पुरेशी की मॅमोग्राफीही हवी?

शल्यकर्मी
तरुण स्तन दाट असतो. मॅमोग्राफीत दाट ऊतकही पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच, त्यामुळे चाळिशीच्या आत सहसा सोनोग्राफी आधी करतात. चाळिशीनंतर लक्षण असेल तर मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. बायरॅड्स २ म्हणजे निश्चितपणे निरुपद्रवी, त्यासाठी वेगळं काही करायचं नाही. घरात आई, बहीण किंवा मावशीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर हिशेब बदलतो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो इतिहास वडिलांच्या बाजूचाही धरायचा असतो, आत्या आणि आजी विसरू नका.

एक गोष्ट ठळक अक्षरांत: हाताला वेगळी गाठ लागतेय आणि मॅमोग्राफी 'नॉर्मल' आली, तर विषय संपत नाही. मॅमोग्राफीत काही गाठी दिसत नाहीत. आमची पद्धत तिहेरी असते: हाताने तपासणी, फोटो (सोनोग्राफी-मॅमोग्राफी), आणि गरज पडली तर सुईने घेतलेला तुकडा. तिन्ही 'निरुपद्रवी' म्हणत असतील तर निर्धास्त. एकाचंही जुळत नसेल तर पुढे जायचं.

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये वय ३० किंवा जास्त आणि कारण न कळलेली गाठ असेल तर फॅमिली डॉक्टर तातडीच्या यादीत घालून ब्रेस्ट क्लिनिकला पाठवतात. तिथे बहुतेक ठिकाणी ही तिहेरी तपासणी एकाच भेटीत होते. बाकी वेळी एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रांगांना आम्ही नावं ठेवतोच, पण ही एक गोष्ट बरी आहे.

दुधाची_साय
माझं बाळ चार महिन्यांचं आहे. उजवीकडे गाठ आलीय, दूध साकळलंय असं सगळे म्हणतात. शेक, कोबीची पानं, सगळं करून झालं. किती दिवस वाट बघू?

शल्यकर्मी
दूध साकळून आलेली गाठ पाजून, हलक्या हाताने, थंड-गरम करून बहुधा दोन-तीन दिवसांत मोकळी होते. जोरजोरात मालिश करून ती फोडायला जाऊ नका, सूज वाढते. ताप, लाली, कणकण असेल तर आजच डॉक्टरकडे जा, अँटिबायॉटिक लागू शकतं आणि बहुतेक औषधं पाजताना चालतात. पाजणं बंद करायचं नाही. पू झाला असेल तर तो सोनोग्राफीत बघून सुईने काढता येतो.

ताप-लाली काही नाही आणि गाठ आठवडा-दोन आठवडे तशीच, किंवा अँटिबायॉटिकचा कोर्स संपूनही लाली हटत नाही, तर सोनोग्राफी करायलाच हवी. बाळंतपणात गाठ म्हणजे दूधच, हे गृहीत धरल्याने काही निदानं फार उशिरा होतात. आपल्याकडे स्तनाचा क्षयरोगही दिसतो, तोही 'गळू' म्हणून चिरला जातो.

दुधाची_साय
लाली नाहीये, पण आठवडा होऊन गेला. उद्याच जाते. धन्यवाद सर.

मडगावकार
आमच्या गोंयांत 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' म्हणून २०२१ साली मोहीम सुरू झाली, आरोग्य केंद्रांत हातात धरायच्या छोट्या यंत्राने तपासतात. माझी बायको गेली होती. यंत्राने लाल खूण दाखवली म्हणून पुढे सोनोग्राफीला पाठवलं, तिथे निघालं पाण्याचं सिस्ट. खूण लागली म्हणजे कॅन्सर नव्हे, पण ते दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

केवडा
सुईच्या तपासणीबद्दल विचारायचं होतं. सोनोग्राफीत २ सेंटिमीटरची गाठ आहे, वय २६, डॉक्टर म्हणतात बहुतेक फायब्रोअॅडिनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ), पण बायॉप्सी करून घेऊ. घरचे म्हणतात सुई लावली की पसरतं, त्यापेक्षा गाठच काढून टाका, झंझट नको.

सोनचिडी
@केवडा, मी केली आहे गं. गाठीच्या जागी आधी पेनाने खूण करतात. जेल गार लागतं. भूल देण्याची सुई टोचते तेवढंच काय ते दुखणं. त्यानंतर स्टेपलरसारखा टक् आवाज होतो, दचकायला होतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी आधी एकदा नुसताच आवाज ऐकवला होता. गव्हल्याएवढे चार-पाच पांढरे तुकडे छोट्या बाटलीत टाकले. संध्याकाळी स्वयंपाक केला. पुढचे काही दिवस निळंजांभळं दिसतं, त्याला घाबरू नकोस.

शल्यकर्मी
सुईने कॅन्सर पसरतो हा समज इतका घट्ट आहे की सुशिक्षित घरांतही तो मोडता मोडत नाही. त्याला आधार नाही. उलट आधी गाठ कापून काढायची आणि मग ती काय होती ते शोधायचं, हा उलटा कारभार महागात पडतो. गाठ कॅन्सरची निघाली तर चुकीच्या जागी घेतलेला छेद पुढच्या शस्त्रक्रियेचं सगळं गणित बिघडवतो आणि स्तन वाचवता आला असता तिथे वाचवता येत नाही. आधी सुई, मग चाकू. हाच क्रम.

फायब्रोअॅडिनोमा १५ ते ३५ वयात भरपूर दिसतो. बोटाखालून सटकतो, रबरी लागतो, गुळगुळीत असतो. बायॉप्सीत तेच आलं तर काढण्याची सक्ती नाही. तीन सेंटिमीटरच्या पुढे गेला, भराभर वाढू लागला किंवा तुम्हालाच नको असेल तर काढतात. भराभर वाढणारी गाठ कधी कधी फायलॉइड्स नावाच्या वेगळ्या प्रकारची असते, तिला वेगळी वागणूक लागते.

मेतकूट
पाळीच्या आधीच्या दुखण्यावर काही आहे का? माझ्या मैत्रिणी इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या गोळ्या घेतात, चहा-कॉफी सोडतात.

शल्यकर्मी
प्रिमरोज आणि कॉफी सोडणं, दोन्हीचे पुरावे कच्चे. चहा सोडून चिडचिड वाढवून घेऊ नका. नीट मापाची, आधार देणारी ब्रा, रात्रीसुद्धा, याचा खरंच फरक पडतो. वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल चालतं. फारच त्रास असेल तर ऑर्मेलॉक्सिफेन देतो. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध, 'सहेली' नावाची गर्भनिरोधक गोळी तीच, सरकारी दवाखान्यात 'छाया'. पण ती मनाने घ्यायची नाही. पाळी लांबते, आणि मूल हवं असणाऱ्यांना ती चालत नाही.

चकलीचा_सोऱ्या
आता माझा प्रश्न. वय ४६. डाव्या स्तनाग्रामागे चकतीसारखं लागतंय, दाबलं की दुखतं. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?

शल्यकर्मी
खरं आहे, पण विरळा. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये साधारण एखादा पुरुषाचा. स्तनाग्राच्या बरोबर मागे, दुखरी, रबरी चकती हे बहुधा गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाच्या स्तनातली ग्रंथी वाढणं, कॅन्सर नव्हे. काही औषधं, दारू, यकृताचे आजार अशी कारणं असतात, तुम्ही चालू गोळ्यांची यादी घेऊन जा. चकती एका बाजूला सरकलेली, कडक, न दुखणारी असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल तर मात्र लगेच. पुरुष उशिरा येतात कारण हा आजार आपला नव्हेच असं त्यांना वाटतं.

चकलीचा_सोऱ्या
अॅसिडिटी आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. शनिवारी जातो. बायको मागे उभी राहून वाचतेय, त्यामुळे पर्याय नाही.

माहेरवाशीण
धागा वर काढतेय. बहिणीचा (३३) रिपोर्ट 'बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा'. भावजी म्हणतात सहा महिने टांगणीला कोण राहणार, दुसरीकडे जाऊन नव्याने सोनोग्राफी करू. एका ठिकाणी काखेत बघितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा विश्वास उडालाय.

शल्यकर्मी
बायरॅड्स ३ म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सहा महिने दिलेत ते गाठ वाढते का हे बघायला. दुसरं मत जरूर घ्या, पण त्यासाठी लगेच नव्याने सोनोग्राफी करायची गरज नाही, आधीच्याच फिल्म दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवता येतात. काख बघितली नसेल तर तेवढी आधीच्या ठिकाणी पूर्ण करून मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि मधल्या काळात गाठ वाढली, त्वचा ओढली गेली, तर सहा महिन्यांची तारीख विसरा.

टांगणी सहनच होत नसेल तर आत्ताच सुईने तुकडा घेऊन मोकळं होता येतं, त्यातही गैर काही नाही. डॉक्टरांशी तसं बोला.

पुढच्या वेळी रिपोर्टच्या कागदाबरोबर फिल्म आणि सीडीही न्या. गाठ किती मिलिमीटर होती आणि स्तन म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर कितीच्या आकड्यावर होती हे जुन्या फोटोशी ताडूनच कळतं.

माहेरवाशीण
सीडी त्यांनी दिलीच नव्हती. उद्या पावती घेऊन जाते आणि मागून घेते.